होडीच्या लाकडाचा खरा वैरी खारं पाणी नव्हे, पावसाचं पाणी

मे 2025 मध्ये कारवारच्या तळावर ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून ते बांधलंय आणि त्याच्या फळ्या खिळे ठोकून न जोडता काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. तेव्हापासून ठाण्यात होड्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: अहो, समुद्रात लाकूड टिकतं कसं? आमच्या गॅलरीतली लाकडी खुर्ची दोन पावसाळ्यांत गेली!

प्रश्न रास्त आहे आणि तो त्या एका जहाजापुरता नाही. चेंदणी कोळीवाडा, दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ठाणे खाडीच्या काठी जिथे जिथे होड्या लागतात तिथे आता बहुतेक फायबरच्याच दिसतात. तरी लाकूड काही गेलेलं नाही. काठावरची पट्टी, बसायच्या फळ्या, दोर बांधायचे खुंट, झाकणांच्या चौकटी, इंजिनाखालचे ओंडके हे सगळं अजून बऱ्याच ठिकाणी लाकडाचंच असतं आणि होडी जुनी दिसायला लागते ती तिथूनच. हौसेनं घेतलेल्या बोटींचंही तेच. अंग चकाचक आणि कठड्याच्या पट्टीवरचं व्हार्निश पापुद्र्यांनी सुटलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे लाकूड आपण चुकीच्या महिन्यात रंगवतो. माल बरा असतो, हात बरा असतो, मेहनत तर विचारू नका, महिना चुकतो. असं का म्हणतो ते कळायला आधी लाकूड, मग ऊन, मग पाणी, या क्रमानं जावं लागेल.

कापल्यावरही लाकूड पाणी पितं

झाड उभं असताना मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांनी खोड भरलेलं असतं. फळी कापली तरी त्या नळ्या तशाच राहतात. फळीच्या सपाट बाजूला त्या आडव्या पडलेल्या असतात आणि कापलेल्या टोकाला त्यांची तोंडं उघडी असतात. म्हणून टोकातून पाणी कितीतरी पट वेगानं आत शिरतं. काठाची पट्टी कुजलेली दिसली तर निरखून बघा: कूज टोकाला, सांध्याला किंवा स्क्रूच्या भोकाला सुरू झालेली असते. मधला भाग बहुतेक वेळा ठणठणीत.

दुसरं म्हणजे, पाण्याचा थेंब न लागताही लाकूड हवेतून ओलावा घेतं आणि कोरड्या दिवसांत तो परत सोडतं. हवेची आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण 12 टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. म्हणजे पूर्ण सुकवलेल्या लाकडाचं वजन 100 किलो धरलं तर त्यात 12 किलो पाणी. जुलैत इथली आर्द्रता 85 ते 90 टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा तेच लाकूड छपराखाली, पावसाचा शिंतोडा न उडता, 18 ते 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. हा 20 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओलावा वाढला की लाकूड फुगतं, घटला की आकसतं. पण लांबीत हा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र, कापलेल्या ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत, सागासारखं स्थिर मानलं जाणारं लाकूडसुद्धा 5-6 टक्के आकसतं. वर्षभर पट्टी अशी आडवी हलत असते. तिच्यावरचा थर तिच्याबरोबर ताणला गेला नाही तर तो तडकणारच. घरातल्या फर्निचरसाठी असलेलं कडक पॉलिश बोटीवर एका हंगामात का तडकतं याचं उत्तर इथेच आहे.

ऊन फक्त कातडीला लागतं

लाकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारं एक द्रव्य असतं, त्याला लिग्निन म्हणतात. लाकडाचा जवळपास पाव भाग तोच. उन्हातले अतिनील किरण लिग्निन तोडतात. ते तुटलं की पावसात धुऊन जातं आणि वर मोकळे करडे तंतू उरतात. जुन्या होडीचा राखाडी रंग तो हाच.

दिसायला हे भयंकर असतं, पण नुकसान फार वरवरचं. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा खोल जात नाहीत. सागासारख्या कठीण लाकडाची नुसत्या ऊन-पावसानं होणारी झीज शंभर वर्षांत काही मिलिमीटर एवढीच असते. त्याच पट्टीला तारेचा ब्रश आणि कडक ॲसिड दरवर्षी लावलं तर काही हंगामांत तेवढं लाकूड उडतं. राखाडी पट्टी पाहून घाबरून तिला खरवडणारे लोक उन्हापेक्षा जास्त नुकसान करतात. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, कारण जुन्या होड्यांच्या पट्ट्या अशा घासून घासून पातळ झालेल्या बघवत नाहीत.

उन्हाचा खरा उपद्रव वेगळाच आहे. पारदर्शक व्हार्निशमधून किरण आरपार जातात आणि व्हार्निशच्या *खालचं* लिग्निन तोडतात. व्हार्निश शाबूत असतं, पण ज्या लाकडाला ते धरून होतं ते लाकूडच सैल होतं. म्हणून पापुद्रा निघतो तेव्हा त्याच्या पाठीला बारीक करडे तंतू चिकटलेले दिसतात. पुढच्या वेळी एक पापुद्रा नखानं काढून उलटा करून बघा. ते तंतू दिसले तर ऊन पोचलंय. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर मूळ लाकूड ओलं किंवा तेलकट असताना व्हार्निश मारलं होतं.

खारं पाणी वाचवतं, गोडं पाणी कुजवतं

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. त्या बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, हवा, ऊब आणि ओलावा. पहिल्या तीन ठाण्यात बारा महिने फुकट. आपल्या हातात उरतो फक्त ओलावा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली ठेवला तर कुजवणारी बुरशी मूळ धरत नाही. 28-30 टक्क्यांवर गेलं आणि तिथेच राहिलं तर तिची चंगळ होते.

आता मीठ. कैरीच्या लोणच्यात मीठ पुरेसं असेल तर ते वर्षभर राहतं आणि ओला चमचा गेला की आठवड्यात वर पांढरी बुरशी धरते. होडीच्या लाकडाचं तंतोतंत तेच आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात आणि लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक बुरशींना ते मानवत नाहीत. पावसाचं पाणी म्हणजे तो ओला चमचा. ते लाकडातलं मीठ धुऊन काढतं आणि सांध्यात, स्क्रूच्या भोकात साचून बसतं. रोज खाऱ्या पाण्यात भिजणाऱ्या होडीपेक्षा किनाऱ्यावर चढवून पावसात उघडी ठेवलेली होडी लवकर कुजते, ती यामुळे.

इथे कुणी म्हणेल, मग लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं काय? तो खरा आहे आणि खाऱ्या पाण्यातच असतो. त्याला किडा म्हणतात, पण तो तिसऱ्या-शिवल्यांच्या नात्यातला शिंपलावर्गीय प्राणी आहे. मात्र तो कायम पाण्याखाली असलेल्या लाकडात शिरतो. काठाची पट्टी, खुंट, फळ्या यांना त्याच्यापासून भय नाही, म्हणून या लेखात तो इथेच सोडतो.

मिठाची एक वाईट बाजू मात्र सांगायलाच हवी. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पट्टीवर मिठाचा थर राहिला आणि त्यावर व्हार्निश मारलं, तर व्हार्निशच्या पोटात ओलावा ओढणारी जागा तयार होते. म्हणून रंगकामाआधी लाकूड गोड्या पाण्यानं धुवायचंच. गोडं पाणी वरून वाहून गेलं आणि लाकूड सुकलं तर काही बिघडत नाही. ते साचून राहिलं तर बिघडतं.

नारळी पौर्णिमेचा पेच

आता महिन्याचा मुद्दा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर चढवलेल्या, हातात वेळ, आणि नारळी पौर्णिमेला होडी नटलेली हवी. त्यामुळे घासणं, रंगवणं सगळं आषाढ-श्रावणात होतं. त्यामागचा भाव मोठा आहे, त्याला कुणी बोट लावू नये. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं वर्षातला याहून वाईट काळ सापडणं कठीण.

रंगकामाचा एक सर्वमान्य नियम असा आहे की ज्यावर थर मारायचा त्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त हवं. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला आली की तिच्यातलं पाणी दव होऊन बसतं ते तापमान. जुलैत इथला दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो आणि रात्रीचं तापमान त्याच्या अगदी जवळ येऊन टेकतं. म्हणजे दुपारी मारलेला कोट रात्री दवात सापडायची खात्रीच. तो मग दुधाळ पडतो, चकाकी जाते, आणि आठवडा झाला तरी बोट लावलं की चिकट लागतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा लाकूड आधीच 18-20 टक्क्यांवर असतं, पाऊस लागला असेल तर त्याहून वर. त्यावर जाड थर चढवला की पाणी आत कोंडलं जातं. व्हार्निश आणि रंग पाणी अडवतात ते दोन्ही बाजूंनी. बाहेरचं आत येऊ देत नाहीत, आतलं बाहेर जाऊ देत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात पट्टी तापते, कोंडलेलं पाणी वाफ होऊन थराला आतून ढकलतं, फोड येतात, आणि फोड फुटून झालेल्या भेगेतून पुढच्या पावसाचं पाणी शिरतं. दरवर्षी रंग दिलेल्या पट्ट्याही कुजतात, त्याचं हे कारण.

दिवाळ्याच्या जेट्टीजवळ एका फायबर होडीच्या काठावरची पट्टी मी मध्यंतरी हात लावून पाहिली. वर निळा तैलरंग, तुळतुळीत, नवा. एका स्क्रूभोवती रुपयाएवढं वर्तुळ किंचित फुगलेलं. तिथे अंगठा दाबला तर रंग आत गेला आणि कडेनं तपकिरी पाणी बाहेर आलं. आठवडाभर कडकडीत ऊन होतं, तरी आत पाणी होतं. शेजारी जाळं विणत बसलेले काका म्हणाले, “आदी लाकूर सुकूं दे, मंग रंग.” या विषयावरचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात बसतं.

“पण कोरडे दिवस म्हणजे धंद्याचे दिवस!”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. नोव्हेंबर ते मार्च हवा कोरडी असते, पण तेव्हाच होडी पाण्यात हवी. एक दिवस होडी उभी राहिली की घरात तेवढे पैसे कमी येतात. रंगकामासाठी कुणी महिनाभर होडी वर काढणार नाही आणि मी तसं सांगतही नाही.

मार्ग भरती-ओहोटीतच आहे. डोल जाळं, म्हणजे तोंड उघडं ठेवून पाण्यात बांधलेलं पिशवीसारखं जाळं, प्रवाहाच्या जोरावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाणी मंद होतं आणि जाळ्याला काम कमी राहतं. हे भांगाचे दिवस दर पंधरवड्याला येतात. लाकडाचं काम तुकड्या-तुकड्यानं या दिवसांत बसवता येतं. एका भांगात डावी पट्टी, पुढच्या भांगात उजवी. स्क्रू काढून पट्टी सुटी होत असेल तर फारच छान: ती घरी नेऊन पडवीत सावलीत काम करता येतं, आणि होडी त्या पट्टीविना दोन आठवडे चालते. ज्यांना परवडेल त्यांनी पट्ट्यांचा जादा जोड करून ठेवावा. फिरायच्या बोटींना तर ही अडचणच नाही, त्यांनी पावसाळ्यानंतरचे हे महिने वाया घालवू नयेत.

आणि नारळी पौर्णिमेला? फायबरचं अंग धुवा, पुसा, रंगवा. नाव नव्यानं काढा. लाकडावरचा जुना रंग घट्ट धरून असेल तर उघडीप बघून त्यावर एक पातळ हात फिरवायलाही हरकत नाही. उघडं, घासलेलं, रंग उडालेलं लाकूड मात्र तेव्हा बंद करू नका. सणाला ते तसंच राहिलं तरी चालेल. कार्तिकात त्याचं काम करा.

प्रत्यक्ष काम कसं करायचं

आधी पटाशीच्या मुठीनं पट्टी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. जिथे आवाज बदलतो तिथे टोचणी दाबून बघा. सहज आत गेली तर तो भाग कापून नवा तुकडा जोडावा लागेल. जोड सरळ काटकोनात न घेता तिरका घ्या, जाडीच्या निदान आठपट लांब. 2 सेंटिमीटर जाड पट्टीला 16 सेंटिमीटरचा उतार. कुजक्या जागेत नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारणं म्हणजे बुरशीला छप्पर घालून देणं.

जुनं व्हार्निश काढायला खरवडणी आणि गरम हवेची गन सोपी पडते, पण फायबरला लागून असलेल्या पट्टीवर गन जपून, फायबर भाजतं. नंतर पॉलिश पेपर: 80 नंबर, मग 120, मग 220, नेहमी रेषांच्या दिशेनं. जुना तैलरंग असेल तर कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम 2017 मध्ये लागू झाला आणि तोही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता. त्याआधीच्या थरांत काय आहे सांगता येत नाही. ओलं घासा, तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

स्क्रूभोवतीचे काळे डाग ही बुरशी नसते. लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य एकत्र येऊन ती काळी शाई होते. ऐन, बाभूळ अशा लाकडांत टॅनिन भरपूर, म्हणून त्यांच्यावर डाग गडद. यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं: दाणेदार पूड गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायची, थोडा वेळ थांबायचं, डाग फिका झाला की भरपूर पाण्यानं धुवायचं. ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरायचं नाही. डाग घालवून लोखंडी स्क्रू परत बसवला तर सगळी मेहनत फुकट. 316 दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा ब्राँझ घ्या.

आता सुकवणं. यात घाई करू नका. लाकडाचा ओलावा मोजायचा मीटर असेल तर 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कोट नाही. लाकडात मीठ राहिलं असेल तर मीटर उगाच जास्त आकडा दाखवतो, म्हणून धुतल्यानंतर मोजा. मीटर नसेल आणि पट्टी सुटी असेल तर रोज तिचं वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ती त्या हवेत जितकी सुकणार तितकी सुकली. हे सुकवणं सावलीत, वाऱ्यावर करायचं. घासलेलं ताजं लाकूड आठवडा-दोन आठवडे उन्हात उघडं राहिलं तर वरचं लिग्निन तुटायला लागतं आणि कोटाची पकड कमी होते. त्यामुळे क्रम असा ठेवा: धुणं, सुकवणं, आणि शेवटचं घासणं झालं की शक्यतो त्याच दिवशी पहिला कोट.

सागात नैसर्गिक तेल असतं, ते पकड धरू देत नाही. कोटाच्या अगदी आधी ॲसिटोननं किंवा थिनरनं भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसा, फडकं बदलत राहा.

पहिला कोट अर्धं व्हार्निश, अर्धं थिनर. एवढा पातळ का? कारण तो वर दिसायला नाही, नळ्यांत शिरायला आहे. कापलेली टोकं आणि स्क्रूची भोकं आधी, दोन-तीनदा, पीत असतील तेवढं पाजा. दुसऱ्या कोटात थिनर पाव भाग, तिसऱ्यात त्याहून कमी, पुढे डब्यातून जसं येतं तसं. एकूण सहा ते आठ कोट. हे ऐकून लोक हबकतात. पण एक कोट सुकल्यावर कागदाच्या पानापेक्षा जाड नसतो आणि किरण अडवणारं द्रव्य प्रत्येक थरात थोडंथोडंच असतं. दोन कोटांवर थांबलात तर एका उन्हाळ्याचं संरक्षण मिळेल.

दोन कोटांच्या मध्ये साधारण एक दिवस जाऊ द्या आणि 320 नंबरनं हलका हात फिरवा. पेपरवर पांढरी भुकटी आली तर थर सुकलाय. गोळे होऊन चिकटलं तर आणखी थांबा. हिवाळ्यात सकाळी दव उडून गेल्यावर सुरू करा आणि दुपारी तीनच्या सुमारास ब्रश ठेवून द्या.

तेल, व्हार्निश की रंग?

व्हार्निश घेताना डब्यावर बाहेरच्या वापरासाठी, सागरी वापरासाठी आणि अतिनील किरणांपासून संरक्षण असं लिहिलेलं बघा. अशा व्हार्निशमध्ये राळेच्या मानानं तेल जास्त असतं, म्हणून ते लाकडाबरोबर ताणलं जातं. किंमत घरगुती व्हार्निशपेक्षा बरीच जास्त. पण त्यालाही दर सहा महिन्यांनी हलकं घासून एक-दोन ताजे कोट लागतात. आपल्याकडचं ऊन तेवढं आहे. ते दिले तर खालचे थर वर्षानुवर्षं टिकतात. पापुद्रे निघेपर्यंत थांबलात तर परत मूळ लाकडापासून सुरुवात.

रंग हा दिसायला साधा, पण संरक्षणाला सगळ्यात पक्का. त्यातली रंगद्रव्यं किरण पूर्ण अडवतात, खालचं लिग्निन तुटतच नाही. लाकडाच्या रेषा दिसायलाच हव्यात असा हट्ट नसेल तर कामाच्या होडीला प्रायमर आणि रंग हेच मी सुचवेन.

जवसाचं उकळलेलं तेल लावायला सोपं, स्वस्त, आणि नव्या लाकडावर सुंदर दिसतं. पण आपल्या दमट हवेत काळ्या बुरशीला ते आयतं खाद्य मिळतं आणि पावसाळ्यात पट्टी काळवंडते. घरातल्या दारासाठी ठीक. काही न लावता सागाची पट्टी राखाडी होऊ देणं हा चौथा पर्याय, आणि तो वाटतो तितका वेडगळ नाही. कोट नसल्यामुळे पाणी कोंडत नाही, साग भिजतो आणि सुकतो. टोकं आणि सांधे तेवढे बंद ठेवायचे. मात्र हे सागालाच जमतं. स्वस्तातल्या जंगली लाकडाला उघडं सोडलं तर ते पावसाळ्यांमागून पावसाळे काढणार नाही.

इपॉक्सीनं, म्हणजे दोन द्रव्यं मिसळून कडक होणाऱ्या राळेनं, सगळं एकदाच बंद करून टाकू, असंही सुचवलं जातं. इपॉक्सी पाणी उत्तम अडवतं, पण उन्हात पिवळं पडून पिठूळ होतं. त्यावर रंग किंवा किरणरोधक व्हार्निश द्यावंच लागतं. आणि लाकूड पूर्ण सुकलेलं नसेल तर इपॉक्सी पाणी इतक्या पक्केपणानं कोंडतं की आतून भुसा होईपर्यंत बाहेर काही कळत नाही.

“आम्ही जळकं ऑईल फासतो, काही होत नाही”

इंजिनातलं वापरलेलं तेल लाकडाला फासायची चाल किनाऱ्यावर जुनी आहे. फुकट मिळतं, पाणी ओघळून जातं, कीड लागत नाही. पण हे तेल कधीच सुकत नाही. ते लाकडात मुरलं की पुढे त्यावर ना रंग धरतो ना गोंद. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण होणारी संयुगं असतात, जी हाताच्या कातडीतून अंगात जातात, आणि त्याच फळीवर मासळी ओतली जाते. उरलेलं पावसाबरोबर खाडीत. ठाणे खाडी 2022 पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथे येतात, हे तर आहेच. पण त्याआधी ती आपल्या निवट्या-चिंबोऱ्यांची जागा आहे. तिच्यात हे तेल सोडून आपण आपल्याच जाळ्यात विष घालतो. घासलेल्या रंगाची भुकटी आणि ॲसिडचं पाणी यांचंही तेच. खाली प्लास्टिक अंथरा, भुकटी गोळा करा, धुणं किनाऱ्यापासून दूर करा.

पावसाळ्यात झाकताना

ताडपत्री लाकडाला चिकटवून घट्ट बांधली की खाली घाम साचतो आणि पावसाइतकंच नुकसान होतं. मधोमध आडवा बांबू देऊन ताडपत्रीला उतार द्या, दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी ठेवा. होडी एका टोकाला किंचित उंच लावा म्हणजे आत पाणी साचणार नाही, तळाचं बूच काढून ठेवा. जून लागायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, टोकांवर आणि स्क्रूंवर एक ताजा कोट द्या. सबंध पट्टी करायला वेळ नसला तरी एवढं करा. पाणी शिरतं ते तिथूनच.

तेलाची फडकी

जवसाचं तेल किंवा तेलयुक्त व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना उष्णता बाहेर टाकतं. पट्टीवर ती विरून जाते. त्याच तेलात भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा होडीच्या कोपऱ्यात टाकली तर उष्णता आत कोंडते आणि काडी न ओढता काही तासांत ती पेट घेऊ शकतात. कामाच्या गडबडीत हे विसरायला होतं, म्हणून कोट सुरू करायच्या आधीच पाण्याची बादली शेजारी आणून ठेवा. फडकी तिच्यात बुडवा, किंवा एकेक उलगडून बाहेर दोरीवर वाळत घाला. पूर्ण वाळून कडक झाली की मग कचऱ्यात.